पू न होणारी जखम

बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "नाळ पडली का गं?" बहुतेक घरांत उत्तर आठवड्या-दोन आठवड्यांत मिळतं. बेंबीवरचा काळपट, सुकलेला तुकडा एके दिवशी दुपट्यात सापडतो आणि विषय संपतो. क्वचित एखाद्या घरी मात्र तीन आठवडे उलटतात, महिना होतो, तरी नाळ तशीच. बेंबीभोवती लाली चढते, बाळाला ताप येतो. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींची मोजणी पन्नास हजारांवर, कधी लाखाच्या घरात. मोठा जंतुसंसर्ग असणार म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. पण एक गोष्ट काही केल्या जुळत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशींची रक्तात एवढी दाटी, आणि जखमेत पू मात्र औषधालाही नाही.

नाळ उशिरा पडण्याची साधी कारणंही पुष्कळ असतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी घाबरायचं कारण नाही. पण रेंगाळलेली नाळ, भरमसाट वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि पू नसलेली जखम अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली, की जाणत्या डॉक्टरच्या मनात एक नाव येतं: ल्युकोसाइट अ‍ॅढीजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी. हा जनुकातल्या बिघाडामुळे होणारा, आईवडिलांकडून येणारा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. असे जन्मजात प्रतिकारदोष आजवर साडेपाचशेच्या आसपास नोंदले गेले आहेत. एकेक घेतला तर दुर्मीळ. सगळे मिळून पाहिले, तर कोणत्याही मोठ्या बालरुग्णालयात अधूनमधून समोर येणारे.

प्रश्न असा, की हे तिन्ही धागे एकत्र बांधणारा माणूस तयार कसा होतो? दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या फरिदाबाद-गुरुग्राम पट्ट्यात जनुकं वाचणारी यंत्रं आहेत, मोठी रुग्णालयं आहेत, देशभरातून येणारे रुग्णही आहेत. कमतरता आहे ती रुग्णाची खाट, प्रयोगशाळेचं टेबल आणि संगणकाचा पडदा या तिन्ही ठिकाणी सहज वावरणाऱ्या तरुणांची. त्यांना काय काय शिकावं लागतं, हे समजून घेतलं की हे आजारही आपोआप उलगडत जातात.

पेशी रक्तातून बाहेर कशी पडते?

पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. यातल्या सर्वांत जास्त न्यूट्रोफिल नावाच्या. त्या रक्तात फिरत असतात, पण लढाई असते रक्तवाहिनीच्या बाहेर, मांसात, त्वचेखाली. नाळ गळून पडण्यासाठीसुद्धा या पेशींनी बेंबीच्या मुळाशी जाऊन तिथलं मृत ऊतक विरघळवावं लागतं. म्हणजे प्रश्न पेशींच्या संख्येचा नाही, त्यांना बाहेर पडता येण्याचा आहे.

मुंबईची लोकल पूर्ण थांबण्याआधी उतरणारा माणूस काय करतो ते आठवावं. आधी गर्दीतून दाराकडे सरकतो, मग दांडा घट्ट धरतो, आणि पाय टेकवायची वेळ आली की उतरतो. न्यूट्रोफिलचंही तसंच. वाहत्या रक्तात ती आधी वाहिनीच्या भिंतीला हलकेच अडखळत, घरंगळत वेग कमी करते. त्यासाठी तिच्या अंगावर एक विशिष्ट साखर असावी लागते. मग इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी ती भिंत घट्ट पकडते. ही पकड आवळायचा हुकूम पेशीच्या आतून यावा लागतो. तेव्हा कुठे ती भिंतीतल्या पेशींमधून अंग काढून बाहेर पडते.

साखर, पकड आणि आतला हुकूम या तिन्हींपैकी एकही गोष्ट चुकली, तरी एलएडी होतो. पकडच नसली तर पहिला प्रकार. हा सर्वांत जास्त आढळतो आणि त्यात आयटीजीबी2 हे जनुक बिघडलेलं असतं. आतला हुकूम पोचला नाही तर तिसरा प्रकार, ज्यात रक्तस्रावाचाही त्रास होतो. आणि अंगावर साखरच नसली तर दुसरा. तो अतिशय विरळा, पण मराठी वाचकाला त्याची गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट जाहीर केला. वरवर 'ओ' वाटणारा, पण 'ओ' गटाचं रक्तही न चालणारा. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या लोकांच्या लाल पेशींवर फ्यूकोज नावाची साखर जोडणारं विकर काम करत नाही. बाकी ती माणसं ठणठणीत असतात. अडचण येते ती त्यांना रक्त चढवायची वेळ आली की. पुढे 1992 मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या दोन मुलांचं वर्णन केलं. त्यांच्या पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, पू होत नव्हता, आणि रक्तगट होता बॉम्बे. त्यांच्यात साखर जोडणारं विकर नव्हे, तर मूळ साखरच पेशीतल्या योग्य कप्प्यात पोचवणारी वाट बंद होती. त्यामुळे लाल पेशीही कोऱ्या आणि पांढऱ्याही. अशा काही रुग्णांना तोंडाने फ्यूकोज दिल्यावर फरक पडला.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात 1957 मध्ये 'ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर' सुरू झालं. तीच संस्था आज आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, एनआयआयएच, म्हणून ओळखली जाते आणि डॉ. मनीषा मडकईकर यांच्या नेतृत्वाखाली जन्मजात प्रतिकारदोषांचं देशातलं एक प्रमुख केंद्र बनली आहे. 2020 मध्ये या संस्थेने देशातल्या अनेक केंद्रांच्या सोबतीने एलएडीच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या शंभराहून अधिक भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढ्या विरळ्या आजाराचे एवढे रुग्ण एकाच अभ्यासात येणं ही जगाच्या पाठीवर मोठी गोष्ट आहे. रुग्ण इथे आहेत. ते ओळखणारे डोळे वाढवायला हवेत.

दंड बघा, वय बघा, मामाबद्दल विचारा

या विषयात येणाऱ्या तरुण डॉक्टरचे पहिले धडे यंत्राविनाच होतात.

भारतात जवळपास प्रत्येक बाळाला जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. क्षयाच्या जंतूचा हा अगदी दुबळा, पण जिवंत भाऊबंद. बहुतेकांच्या दंडावर एक छोटासा व्रण राहतो आणि विषय तिथेच मिटतो. पण ज्या बाळात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी नाहीत, किंवा गिळलेले जंतू मारण्याची पेशींची यंत्रणा बंद आहे, त्या बाळात हाच दुबळा जंतू माजतो. टोचलेली जागा चिघळते, काखेत गाठ येते, कधी जंतू हाडांपर्यंत, यकृतापर्यंत पसरतो. श्रीमंत देशांतल्या बऱ्याच ठिकाणी सर्व बाळांना बीसीजी देतच नाहीत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरला ही खूण दिसत नाही. इथे ती प्रत्येक बाळाच्या दंडावर वाचायला मिळते. म्हणून शिकाऊ डॉक्टरला बजावलं जातं: बाळाचा अंगरखा काढ, दंड बघ, काख चाचप.

दुसरा धडा साध्या सीबीसीचा. रक्ताचा हा अहवाल कोणत्याही गल्लीतल्या लॅबमध्ये मिळतो. मोठ्या माणसात लिम्फोसाइट पेशी दर मायक्रोलिटरला 1,500 असल्या तर कुणी लक्षही देत नाही. पण तान्ह्या बाळात त्या नेहमीच जास्त असतात. तिथे आकडा 3,000 च्या खाली गेला, तर गंभीर प्रतिकारदोषाची, म्हणजे 'स्किड'ची शंका घ्यायला हवी. बऱ्याच अहवालांवर शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते. यंत्राने 'नॉर्मल' म्हटलं म्हणून डॉक्टर पुढे जातो, आणि बाळाचे मोलाचे आठवडे निघून जातात. ते आठवडे किती मोलाचे, हे उत्तर अमेरिकेतल्या 25 केंद्रांनी 2014 मध्ये दाखवून दिलं. स्किडच्या ज्या बाळांमध्ये साडेतीन महिन्यांच्या आत मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं, त्यांतली 94 टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. जी मोठी होऊन, अंगात संसर्ग असताना प्रत्यारोपणाला आली, त्यांतली निम्मीच.

तिसरा धडा घराण्याचा. कागदावर पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजारी असेल तर आतून भरायचं, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. तीन पिढ्यांचा असा तक्ता काढायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास जनुक-चाचणीइतकाच कामाचा ठरतो. मुलगा आजारी, आईचा भाऊ लहानपणीच 'तापाने' गेलेला, मावशीचाही एक मुलगा गेलेला. हे चित्र दिसलं की बिघाड एक्स गुणसूत्रावर असण्याची शक्यता समोर येते. मुलींकडे एक्स दोन असतात, मुलांकडे एकच, म्हणून आजारी पडतात मुलगेच. पण "मामा लहानपणी गेला होता का?" हे कुणी विचारलंच नाही, तर आई आपणहून कशाला सांगेल? तिच्या लेखी ती तिच्या माहेरची, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट असते.

दोन उंचवट्यांचा आलेख

खाटेवरून शंका आली, की नमुना प्रयोगशाळेत जातो. इथे शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे, म्हणून एक चाचणी जवळून पाहू.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, या आजारात न्यूट्रोफिल जखमेपर्यंत पोचते, जंतू गिळतेही, पण त्याला मारणारी ऑक्सिजनची रसायनं तिला तयार करता येत नाहीत. मग यकृतात गळू होतं, फुप्फुसात बुरशी वाढते, लसिकाग्रंथी सुजतात. हे ओळखण्यासाठी रक्तात डीएचआर नावाचं एक द्रव्य घालतात आणि पेशींना डिवचतात. पेशी धडधाकट असेल तर ती रसायनं बनवते आणि द्रव्य हिरवं चमकू लागतं. मग फ्लो सायटोमीटर या यंत्रातून पेशी एकापाठोपाठ एक लेसरच्या किरणासमोरून जातात आणि प्रत्येकीची चमक मोजली जाते. पडद्यावर आलेख उमटतो: निरोगी माणसाचा उंचवटा उजवीकडे, चमक भरपूर, सीजीडीच्या मुलाचा डावीकडे, चमक जवळपास नाही.

आता त्याच मुलाच्या आईचं रक्त लावायचं. आजार एक्सवरचा असेल, तर तिच्या आलेखात एक नाही, दोन उंचवटे येतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. कारण बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो; काही पेशींत चांगला, काहींत बिघडलेला. एकाच बाईच्या अंगात दोन तऱ्हेच्या पेशी नांदत असतात, आणि ते पडद्यावर डोळ्यांना दिसतं. जनुकाची चाचणी व्हायच्या आतच आजार कोणत्या वाटेने आला हे यावरून समजतं, आणि पुढच्या बाळंतपणाबद्दल आईशी बोलता येतं. ज्या विद्यार्थ्याने हा आलेख एकदा स्वतः काढला, त्याला गुणसूत्रांचा तो धडा पुस्तकातून पुन्हा वाचावा लागत नाही.

पण ही चाचणी फसवतेही, आणि ती कशी फसवते हे शिकणं हाच खरा अभ्यास. न्यूट्रोफिल शरीराबाहेर जेमतेम काही तास धड राहते. नमुना बिहारमधल्या जिल्ह्यातून किंवा दिल्लीच्या मे महिन्यातल्या उन्हातून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचला, तर पेशी मेल्यामुळे चमक येत नाही आणि निरोगी मूल आजारी ठरू शकतं. म्हणून रुग्णाबरोबरच, त्याच वेळी, एखाद्या निरोगी माणसाचंही रक्त काढून त्याच डब्यातून पाठवायचं असतं. दोघांच्याही पेशी मेलेल्या निघाल्या, तर दोष प्रवासाचा. ही दुसरी नळी पाठवायला विसरलेल्या नमुन्यावर निकाल देऊ नये, हे तरुण संशोधकाने ठामपणे म्हणायला शिकावं लागतं, समोर कितीही ज्येष्ठ डॉक्टर असले तरी.

वीस हजारांतला एक

दिल्लीत मथुरा रोडवर सीएसआयआरची जीनोमिक्स संस्था आहे, आयजीआयबी. 2009 च्या अखेरीस भारतातला पहिला मानवी जनुकसंच इथे वाचला गेला. डॉ. श्रीधर शिवसुब्बू आणि डॉ. विनोद स्कारिया यांच्या गटाने पुढे 'गार्डियन' नावाने दुर्मीळ आजारांसाठी डॉक्टर आणि संशोधकांचं जाळं विणलं. एखाद्या शहरातल्या डॉक्टरला न उलगडणारा रुग्ण दिसला, की त्याचा नमुना इथे जनुक वाचण्यासाठी येऊ लागला.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यातला प्रथिनं बनवणारा भाग एक-दोन टक्के, तोच आधी वाचतात. त्याला एक्झोम म्हणतात. कोणाही माणसाचा एक्झोम संदर्भसंचाशी ताडून पाहिला, तर वीस हजारांच्या घरात फरक निघतात. जवळपास सगळे निरुपद्रवी. त्यातून आजाराला जबाबदार असलेला एक, फार तर दोन शोधायचे. आधी लोकसंख्येत सर्रास आढळणारे फरक वगळायचे. मग आईवडिलांचे संच शेजारी ठेवून, घराण्याच्या तक्त्याशी जुळतील तेवढेच ठेवायचे. मग ते जनुक प्रतिकारशक्तीत नेमकं काय करतं, आणि बाळाच्या पेशीत तेच बिघडलेलं दिसतं का, हे पाहायचं.

पहिल्याच पायरीवर भारतीय संशोधक अडखळत असे. 'सर्रास' कुणात? जगातले मोठे जनुकसाठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या माणसांचे. तिथे न दिसणारा फरक इथल्या एखाद्या समाजात घरोघरी असू शकतो, आणि त्यालाच आजाराचं कारण समजण्याची चूक होऊ शकते. म्हणून 2019 मध्ये 'इंडिजेन' प्रकल्प सुरू झाला. त्यात 1,029 भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले आणि साडेपाच कोटींहून अधिक फरकांची यादी तयार झाली. त्यातले जवळपास एक तृतीयांश जगातल्या इतर साठ्यांत नव्हतेच. या प्रकल्पात कॉलेजच्या तरुणांना सहभागी करून घ्यायची कल्पना मुद्दाम होती, म्हणजे जनुकशास्त्र त्यांना स्वतःच्याच रक्तातून भेटावं. त्यानंतरच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे संच वाचले. ते फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवले आहेत आणि जानेवारी 2025 पासून संशोधकांसाठी खुले झाले.

आपल्या समाजरचनेमुळे हे काम अवघडही होतं आणि सोपंही. शतकानुशतकं लग्नं जातीतच होत आली, की एखाद्या पूर्वजाचा बिघाड त्या समाजात टिकून राहतो. अगरवाल समाजातल्या एमएलसी1 या जनुकाच्या बिघाडाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तो मेंदूचा आजार, पण तत्त्व तेच. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मामेबहिणीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांमध्ये एकच बिघाड दोन्ही बाजूंनी मुलात येण्याची शक्यता वाढते. हे कुणाला दोष देण्यासाठी सांगायचं नसतं. रुग्णाच्या घरच्यांशी हे कसं बोलावं, आईला अपराधी न वाटू देता कसं समजवावं, हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग असायला हवा, आणि तो अजून फारच कमी ठिकाणी आहे.

इतकं करूनही बऱ्याचदा अहवालात येतं: 'अर्थ निश्चित न झालेला बदल'. अमेरिकी तज्ज्ञांच्या 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक बदल निरुपद्रवी ते रोगकारक अशा पाच वर्गांपैकी एकात टाकतात, आणि हा मधला वर्ग सर्वांत छळतो. नवशिक्याला तिथे उत्तर सापडल्याचा मोह होतो. चांगला गुरू तिथेच थांबवतो आणि पुरावा मागतो.

पुरावा देणारा मासा

पुरावा मिळवायची एक वाट आयजीआयबीच्या टाक्यांमध्ये पोहत असते. झेब्राफिश हा बोटाएवढाही नसलेला, अंगावर निळे पट्टे असलेला मासा, मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्यांमधला. त्याच्या रानटी वाणाचा जनुकसंच याच संस्थेने 2009 मध्ये वाचला. त्याची पिल्लं पारदर्शक असतात. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या अंगात न्यूट्रोफिलसारख्या पेशी काम करतात, टी आणि बी पेशींची फळी मात्र अजून तयार व्हायची असते. त्यामुळे न्यूट्रोफिलचा दोष तपासायला हे पिल्लू फार सोयीचं. संशयित जनुक त्यात बिघडवायचं, शेपटीच्या पराला बारीकशी चीर द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहायचं. निरोगी पिल्लात काही तासांत न्यूट्रोफिल पेशी जखमेपाशी गोळा होतात. बिघडवलेल्यात त्या आल्याच नाहीत, तर कागदावरच्या संशयाला जिवंत आधार मिळतो.

कुठे शिकता येतं

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सप्टेंबर 2019 मध्ये 'उम्मीद' हा उपक्रम सुरू केला. त्यात सरकारी रुग्णालयांत आनुवंशिक आजारांची निदान केंद्रं उभारण्यात आली. दिल्लीचं लेडी हार्डिंग आणि लष्कराचं रेफरल रुग्णालय ही त्यांपैकी दोन. आनुवंशिक आजारांचं प्रशिक्षण डॉक्टरांना देण्यासाठी सात संस्था निवडल्या गेल्या. दिल्लीतून एम्स आणि मौलाना आझाद, मुंबईतून एनआयआयएच. बालप्रतिकारशास्त्राचा डीएम अभ्यासक्रम देशात पहिल्यांदा चंडीगढच्या पीजीआयमध्ये सुरू झाला, डॉ. सुरजित सिंग यांच्या विभागात. 2011 पासून जन्मजात प्रतिकारदोषांची भारतीय संघटनाही आहे. तिच्या परिषदांमध्ये तरुण डॉक्टर आपल्या न सुटलेल्या रुग्णांची कहाणी मांडतात आणि समोर बसलेल्या जाणत्यांकडून प्रश्नांचा मारा घेतात. या विषयात त्याहून चांगली शाळा नाही.

मूलभूत बाजू सांभाळते अरुणा असफ अली मार्गावरची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, एनआयआय. विनीता बाळ आणि सत्यजित रथ ही मराठी वाचकांना परिचित जोडी इथे अनेक वर्षं संशोधन करत होती, नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आली. दोघंही वैद्यकशास्त्र शिकून मूलभूत प्रतिकारशास्त्राकडे वळलेले. असं वळण घेणारी माणसं आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एमबीबीएस झालेल्या मुलीला पुढच्या पदव्युत्तर परीक्षेची घाई असते आणि एमएस्सी झालेल्या मुलाला रुग्ण कधी दिसतच नाही.

यात व्यवस्थेचाही दोष आहे आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे. ज्युनिअर रिसर्च फेलोला 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, त्यात दिल्लीत राहता येतं. पण प्रकल्प बहुधा तीन वर्षांचे. विरळ्या आजाराचा दुसरा रुग्ण मिळायलाच कधी दोन वर्षं जातात. तोवर पहिल्या रुग्णाला ओळखणारी मुलगी करार संपून निघून गेलेली असते. तिच्यासोबत तिचं शहाणपणही जातं. यंत्रं विकत आणता येतात, नजर तयार करायला दशक लागतं. अशा तरुण संशोधकांसाठी कायमच्या जागा निर्माण करणं हा या क्षेत्रातला सर्वांत निकडीचा खर्च आहे.

विरळ्या आजारातून सर्वांसाठी

एवढा खर्च मोजक्या मुलांसाठी कशाला, असं कुणी विचारतं तेव्हा ऑग्डन ब्रूटन यांची आठवण करून द्यावी. 1952 मध्ये, मुंबईचा रक्तगट जाहीर झाला त्याच वर्षी, या अमेरिकी लष्करी डॉक्टरने पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिनच, म्हणजे प्रतिपिंडंच, नसल्याचं दाखवलं आणि ते टोचून त्याला बरं ठेवलं. या आजारामागचं बीटीके जनुक 1993 मध्ये सापडलं. बीटीके नसेल तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तयारच होत नाहीत. मग बी पेशींच्या कर्करोगात तेच बंद पाडलं तर? त्या विचारातून आलेलं इब्रुटिनिब हे औषध 2013 पासून वापरात आहे आणि अनेक वयस्कर रुग्णांचं आयुष्य त्याने वाढवलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण पोलिओचं. ज्या मुलांत प्रतिपिंडं बनत नाहीत, त्यांच्या आतड्यात तोंडाने दिलेल्या लसीतला विषाणू दीर्घकाळ टिकू शकतो आणि बदलू शकतो. म्हणून मुंबईत एनआयआयएच आणि विषाणुतज्ज्ञांनी प्रतिकारदोष असलेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासले. ही मुलं सापडली नाहीत, तर पोलिओचं उच्चाटनही अर्धवट राहतं.

चौकट: कधी थबकावं?

वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया. दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही. त्वचेत किंवा यकृतासारख्या अवयवात वारंवार गळू. वर्षाच्या पुढेही तोंडात न जाणारी पांढरी बुरशी. वजन न वाढणं. बीसीजीची जागा चिघळणं. घरात अशाच आजाराने लहान मूल, विशेषतः मुलगा किंवा मामा, गेलेला असणं.

यांपैकी एखादं लक्षण म्हणजे निदान नव्हे. पण बालरोगतज्ज्ञाला प्रतिकारशक्तीच्या तपासणीबद्दल जरूर विचारावं. शंका असेपर्यंत बीसीजी किंवा पोलिओचे थेंब यांसारखी जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

उपचार आणि एक विनंती

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात स्किड, सीजीडी आणि विस्कॉट-आल्ड्रिच या प्रतिकारदोषांसाठीच्या मूळपेशी प्रत्यारोपणाचा, तसंच प्रतिपिंडं न बनणाऱ्या मुलांना लागणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा समावेश आहे. 2022 पासून मदतीची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे 50 लाख रुपये झाली आहे. ही मदत ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद, महाराष्ट्रात केईएम. पण त्या दारापर्यंत पोचायला निदान हातात हवं.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना एक विनंती. वारंवार संसर्ग होऊन एखादं मूल अत्यवस्थ झालं आणि प्रतिकारदोषाची शंका आली, तर पालकांची संमती घेऊन, रक्त चढवण्याआधी ईडीटीएच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त काढून ठेवा आणि जवळच्या जनुक केंद्राला कळवा. मूल वाचलं नाही, तरी त्या नळीतून बिघाड सापडू शकतो, आणि तो सापडला तर त्याच आईच्या पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात गर्भाची चाचणी करता येते. नळी नसेल, तर यातलं काहीच करता येत नाही.